शिरगणतीच्या पुस्तकांत आपले घर

करोल बागेतील मराठी घरांत आता तिसरी-चौथी पिढी नांदते आहे. शाळेत हिंदी, गल्लीत पंजाबी आणि घरात मराठी अशा तीन भाषांत सहज वावरणारी ही मुले कधी ना कधी आजोबांना विचारतात, "आपले मूळ गाव कोणते?" आडनावाच्या शेवटी 'कर' असला म्हणजे अर्धे उत्तर आडनावातच मिळते, परंतु ते अर्धेच. महाराष्ट्रात वडगावे, पिंपळगावे आणि नांदगावे इतकी आहेत की नुसत्या नावावरून जिल्हादेखील ठरत नाही. ज्यांची आडनावे हुद्द्यावरून वा धंद्यावरून पडली त्या कुलकर्णी, जोशी, सुतार, लोहार मंडळींना तर एवढाही आधार नाही. मग घरातील कोणीतरी सुचवितो : सरकार दर दहा वर्षांनी प्रत्येक माणसाची गणती करते, १९३१ साली आणि १९४१ साली आपल्या पणजोबांचीही केली असेल, तो कागद काढून पाहावा म्हणजे झाले.

सूचना वाजवी आहे. विलायतेत आणि अमेरिकेत लोक नेमके हेच करतात. अमेरिकेत जनगणनेची घरोघरची पत्रके ७२ वर्षांनी सर्वांना खुली होतात. १९५० ची पत्रके १ एप्रिल २०२२ रोजी अशी खुली झाली. इंग्लंड व वेल्स येथे शंभर वर्षांचा दंडक असून तेथील १९२१ ची पत्रके २०२२ च्या जानेवारीत लोकांच्या हाती आली. नाव, वय, जन्मस्थान, धंदा, घरातील माणसांचे परस्पर नाते, असे सारे त्यांत मिळते. अर्थात तेथेही दैवाचा खेळ आहेच. अमेरिकेतील १८९० ची बहुतेक पत्रके १९२१ च्या आगीमुळे गेली, तर इंग्लंडमधील १९३१ ची पत्रके १९४२ साली जळून खाक झाली. पण जे उरले त्यावर तेथील कितीतरी कुटुंबांनी आपले वंशवृक्ष उभे केले आहेत. परदेशी स्थायिक झालेला एखादा पुतण्या सुट्टीत करोल बागेत येतो आणि विचारतो, "काका, इथे का नाही मिळत?"

इथे मिळत नाही, हे खरे. त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे.

मौनाचा कायदा

आपल्याकडील जनगणना १९४८ च्या जनगणना अधिनियमान्वये होते. त्याच्या पंधराव्या कलमाने जनगणनेच्या नोंदी कोणालाही पाहण्यास मज्जाव केला आहे. दिवाणी वा फौजदारी दाव्यात त्या पुरावा म्हणूनही चालत नाहीत. विलायतेप्रमाणे शंभर वर्षांनी कुलूप उघडण्याची तरतूद त्यात नाही. शिवाय आकड्यांचे तक्ते तयार झाले की मूळ पत्रके व चिठ्ठ्या जतन करण्याची वहिवाटही आपल्याकडे नव्हती. कोट्यवधी चिठ्ठ्यांचे ढीग ठेवावयाचे कोठे, हा व्यावहारिक प्रश्न होताच. तेव्हा पणजोबांची चिठ्ठी कोणत्याही दप्तरखान्यात आपली वाट पाहत पडलेली नाही.

हे ऐकून हळहळ वाटते. परंतु ह्या गुप्ततेमुळेच गणती शक्य झाली, हेही विसरता कामा नये. प्रगणक दारात आला की कर वाढणार, सैन्यात भरती होणार, मुलीच्या वयावरून कज्जा निघणार, अशा शंका लोकांच्या मनात असत. सांगितलेले कोणापर्यंत जाणार नाही, ह्या आश्वासनावरच त्यांनी खरे ते सांगितले. आज नातवाला ज्या कुलपाचा राग येतो त्या कुलपाच्या भरवशावर आजोबा बोलले होते.

त्याच अधिनियमाच्या आठव्या कलमात एक लहानसा अपवाद आहे, आणि मराठी वाचकांना तो वाचून गंमत वाटेल. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मात्र घरातील स्त्रीचे नाव सांगण्याची कोणावर सक्ती नाही, आणि ज्याचे नाव घेण्यास रूढीने मनाई आहे त्याचे, म्हणजे आपल्या हयात वा दिवंगत पतीचेही, नाव सांगण्याची स्त्रीवर सक्ती नाही. ज्या समाजात पतीचे नाव घ्यावयाचे तर उखाण्याच्या आडोशानेच घेतात, त्या समाजाची रीत कायदा लिहिणाऱ्यांना चांगली ठाऊक होती असे दिसते. ब्रिटिश अमदानीतील गणनांतही प्रगणकांना सूचना असे की, स्त्रीचे नाव सांगण्यास घरच्यांची हरकत असेल तर तेथे नुसते 'स्त्री' असे लिहावे. म्हणजे ती जुनी पत्रके उद्या चमत्काराने हाती आली, तरी कित्येक पणज्यांच्या जागी एक जातिवाचक शब्दच मिळाला असता. ह्या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

नाव नाही, पण गाव आहे

मग जनगणनेचा घराण्याच्या इतिहासाला काहीच उपयोग नाही काय? आहे, आणि पुष्कळ आहे. मात्र तो मागण्याची रीत निराळी. तेथे माणूस शोधावयाचा नसतो. माणूस ज्या गावात, ज्या सालात आणि ज्या परिस्थितीत होता ती शोधावयाची असते.

पहिली पायरी गावाच्या नावाची. १९५१ पासून प्रत्येक जिल्ह्याची जनगणना पुस्तिका निघू लागली. तीत त्या जिल्ह्यातील गावांची तालुकावार यादी आणि प्रत्येक गावाची लोकसंख्या असते. समजा, एखाद्या घरात एवढीच आठवण उरली आहे की गाव 'नदीकाठचे पिंपळगाव', कुलदैवत अमुक आणि बाजाराला जात ते तमुक ठिकाणी. बाजाराच्या गावावरून तालुका निघतो. तालुक्याच्या यादीत पिंपळगावे दोन किंवा तीन उरतात. कुलदैवताची चौकशी केली की बहुधा एकच राहते. साठ वर्षांत कोणी न गेलेले गाव ह्या मार्गाने टेबलावर बसून सापडू शकते. जुने जनगणना अहवाल आता भारताच्या महानिबंधक कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत वाचावयास मिळतात, ही आजच्या पिढीची मोठीच सोय आहे.

यादी पाहताना एक सावधगिरी हवी. गाव हलत नाही, पण त्याच्या भोवतीच्या सीमा हलतात. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली निघाला; कुलाब्याचे रायगड झाले; उस्मानाबादेतून १९८२ साली लातूर वेगळा झाला. बेळगाव आणि कारवारकडील गावे १९५६ पर्यंत मुंबई राज्याच्या पुस्तकांत सापडतात, नंतर म्हैसूरच्या. कोल्हापूर, सावंतवाडी, भोर, जंजिरा ही संस्थाने होती तोवर त्यांचे आकडे संस्थानांच्या प्रकरणांत पाहावे लागतात. बडोदे, ग्वाल्हेर आणि हैदराबाद ह्या मोठ्या संस्थानांचे तर अहवालच स्वतंत्र. आजोबा 'कुलाबा जिल्हा' म्हणत ते चुकून नव्हे. त्यांच्या वेळी तो कुलाबाच होता.

दुसरी पायरी सालाची. घराण्याच्या आठवणींत तारखा नसतात. 'प्लेगच्या वेळी', 'मानमोडीच्या साथीत', 'मोठ्या दुष्काळात' अशा खुणा असतात. त्या खुणांना जनगणनेचे अहवाल वर्षे देतात. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ १८८१ च्या गणनेत दिसतो. १८९६ पासून मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात आलेला प्लेग व शतकाच्या अखेरचा दुष्काळ १९०१ च्या पुस्तकांत सापडतो. १९१८ ची मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझा १९२१ च्या अहवालात दिसतो, आणि तो असा की, आजच्या भारताच्या हद्दीतील लोकसंख्या १९११ ते १९२१ ह्या दशकात वाढण्याऐवजी किंचित घटली. जनगणनेच्या साऱ्या इतिहासात घटीचे हे एकच दशक. आपल्या वंशावळीत एखाद्या शाखेची दोन-तीन नावे एकदम थांबलेली दिसली आणि साल त्या सुमाराचे असले, तर आपल्या तालुक्याच्या आकड्यांशी ते ताडून पाहावे.

वयाच्या बाबतीत मात्र अहवालांवर नव्हे, आजोबांवरच थोडा अविश्वास ठेवावा. जुन्या गणनांत तीस, पस्तीस, चाळीस अशा वयांची माणसे अतोनात आणि एकतीस-एकोणचाळीसची फारच थोडी, असे नेहमी दिसते. वय अंदाजे सांगण्याची पद्धतच होती. कुटुंबातील जन्मवर्षेही पुष्कळदा अशीच गोल असतात.

तिसरी गोष्ट स्थलांतराची, आणि करोल बागेच्या वाचकांना ती सर्वांत जवळची वाटेल. रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे चित्र आहे. २०११ सालीही तेथे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. त्याच वर्षी दिल्लीत दर हजार पुरुषांमागे ८६८ स्त्रिया होत्या, आणि १९५१ साली तर अवघ्या ७६८. एका ठिकाणी घर सांभाळणाऱ्या बायका आणि दुसऱ्या ठिकाणी खानावळीत जेवणारे पुरुष. ह्या दोन आकड्यांमधील अंतर मनीऑर्डरींनी भरलेले होते. कोकणातून मुंबईस गेलेल्यांची संख्या अर्थातच फार मोठी. दिल्लीस आलेले थोडे. पण 'पणजोबा आधी एकटेच आले, पणजीला चार-पाच वर्षांनी आणले' अशी जी गोष्ट अनेक घरांत सांगतात, तिचा अर्थ ह्या तक्त्यांशेजारी ठेवल्यावर अधिक स्पष्ट होतो.

करोल बागेचे स्वतःचे जातक

ज्या भूमीवर आपण राहतो तिचीही चौकशी करावी. करोल बाग ही मुळात विस्थापितांची वसाहत. कनॉट प्लेस बांधण्यासाठी माधोगंज, जयसिंगपुरा आणि राजा का बाजार ही गावे १९२० च्या दशकात उठविली गेली, तेव्हा तेथील रहिवाशांपैकी पुष्कळांना ह्या खडकाळ, झुडपांनी भरलेल्या भागात आणून वसविण्यात आले. हकीम अजमलखान यांच्या तिब्बिया कॉलेजाचे उद्घाटन १९२१ साली गांधीजींच्या हस्ते झाले. जामिया मिल्लिया १९२५ साली अलीगढहून प्रथम आली ती येथेच. राजधानी दिल्लीस आल्यावर कचेऱ्यांतील कारकून मंडळी, बंगाली, तमिळ, मराठी, ह्या भागात बिऱ्हाडे थाटू लागली. सरकार उन्हाळ्यात सिमल्यास आणि हिवाळ्यात दिल्लीस, असा तो काळ. गणना फेब्रुवारी-मार्चात होत असल्यामुळे सिमल्याचे बिऱ्हाडही दिल्लीतच मोजले जाई. १९३१ ची गणना २६ फेब्रुवारीच्या रात्री झाली. त्या रात्री जो मराठी कारकून येथे झोपला होता तो दिल्ली प्रांताच्या आकड्यांत आहे, मुंबई इलाख्याच्या नव्हे. त्याचे जन्मस्थान आणि मातृभाषा मात्र निराळ्या तक्त्यांत मोजली गेली आहे. तेथील मराठीच्या ओळीत तो एक आहे.

मग १९४७ आले. येथील मुसलमान रहिवाशांपैकी फार मोठा भाग निघून गेला आणि पश्चिम पंजाबातून, सरहद्द प्रांतातून आलेली कुटुंबे त्या घरांत आणि मोकळ्या जागांवर राहू लागली. दिल्लीची लोकसंख्या १९४१ साली ९ लाख १८ हजार होती, ती १९५१ साली १७ लाख ४४ हजार झाली. त्यांत सुमारे ४ लाख ९५ हजार माणसे विस्थापित म्हणून नोंदली गेली. म्हणजे दर चार माणसांत एकाहून अधिक. त्या वर्षीच्या प्रश्नावलीत विस्थापितांसाठी स्वतंत्र प्रश्न होता. आपल्या शेजारच्या पंजाबी आजींना 'आपले गाव कोणते' हा प्रश्न विचारला तर त्यांचे गाव आज दुसऱ्या देशात आहे. मराठी कुटुंबाला निदान आगगाडीने जाऊन गाव पाहता येते. आणि कराचीत बसून करोल बागेतील घर आठवणारी कुटुंबेही असतीलच. त्यांनाही हीच जुनी पुस्तके उघडावी लागतील.

१९५१ च्या गणनेबरोबर आणखी एक काम झाले. चिठ्ठ्यांवरून गावोगावची राष्ट्रीय नागरिक नोंदवही तयार करण्यात आली. तीत घरवार नावे, पित्याचे वा पतीचे नाव, वय, धंदा असे लिहिलेले होते. आसामात ह्या जुन्या नोंदवहीला पुढे किती महत्त्व आले हे सर्वांना ठाऊक आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी तेथे नवी यादी प्रसिद्ध झाली तेव्हा लाखो कुटुंबांनी आपल्या आजोबांचे नाव १९५१ च्या यादीत किंवा जुन्या मतदारयादीत आहे काय, हे जिवाच्या आकांताने शोधले होते. वंशावळ हा फावल्या वेळचा छंद आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ते दिवस आठवावेत.

महाराष्ट्रातही अलीकडे ह्या प्रश्नाला धार आली आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि गावोगावची मोडी दप्तरे उघडली गेली. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटात येथे शिरावयाचे नाही. परंतु त्या निमित्ताने एक भेद सर्वसामान्यांच्या ध्यानात आला : गॅझेटियर आणि जनगणना जातीचा आकडा सांगतात, माणसाचे नाव सांगत नाहीत. नाव हवे असेल तर दुसरे कागद पाहावे लागतात.

नावांचे कागद

ते कोणते, हे थोडक्यात सांगतो. गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात आणि महसुली भाषेत गाव नमुना १४, जमिनीचे सातबारा आणि फेरफार, ज्यांत वारसांची नावे क्रमाने चढतात, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जुन्या मतदारयाद्या. त्याही पूर्वीचे हवे असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर आहे. शिरगणती ही इंग्रजांनीच आणली असे नाही. पेशवाईत घरांची गणती होत असे, तिला खानेसुमारी म्हणत, आणि तिचे मोडी कागद ह्या दप्तरात आहेत. त्र्यंबकेश्वर, गया, काशी, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळींत गाव व आडनावानुसार यात्रेकरूंच्या सह्या असतात; हरिद्वारच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे अमेरिकेतील युटाच्या वंशावळी संस्थेने घेतली आहेत. करोल बागेहून हरिद्वार एका दिवसाची वाट आहे.

मॉरिशसच्या मराठी कुटुंबांचे ह्या बाबतीत भाग्य थोर. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मुंबई बंदरामार्गे जे गिरमिटिये तेथे गेले, त्यांची नावे, वय, गाव, जिल्हा, जहाज अशा नोंदी वसाहतीच्या सरकारने ठेवल्या. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या सुरक्षित असून पुढच्या काळातील कित्येकांची छायाचित्रेही आहेत. मजुराला बांधून ठेवण्यासाठी केलेली ती नोंद होती. तिच्याच आधाराने आज त्यांचे पणतू कोकणातील आपल्या मूळ गावाची चौकशी करू शकतात. जे कारकून स्वखुशीने दिल्लीस आले त्यांची अशी वही कोणी ठेवली नाही.

आपल्याकडील कुलवृत्तांतांचा उल्लेख येथे केला पाहिजे. परिश्रमाने रचलेले ते ग्रंथ फार मोलाचे आहेत. पण बहुतेक कुलवृत्तांत थोड्याशा लिहित्या-वाचत्या घराण्यांचेच निघाले. ज्यांच्या घरी पत्र वाचणाराच नव्हता त्यांचा वृत्तांत कोणी लिहावा? जनगणनेत मात्र वाडा आणि झोपडी एकाच मापाने मोजली गेली. नावांचे कागद थोड्यांचे आणि आकडे सर्वांचे, अशी ही विभागणी आहे. साध्या कुटुंबाला म्हणूनच दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून वाचावी लागतात.

आणि आता स्त्रियांकडे. कुलवृत्तांतांत वंश पुरुषाकडून पुरुषाकडे जातो. सून आली की तिचे नाव बदललेले, माहेरचे आडनाव पुसलेले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मतदारयाद्या तयार होत असताना तर असा पेच पडला की, कितीतरी स्त्रियांनी आपले नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढेच सांगितले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद स्वीकारण्यास नकार दिला आणि नाव सांगण्याची मुदत देऊनही सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. जनगणनेने मौनाची मुभा दिली, मतदारयादीने नावाचा आग्रह धरला. दोघांचेही हेतू चांगले होते, परंतु घराण्याच्या इतिहासाच्या दृष्टीने मला सेनसाहेबांचे म्हणणे अधिक पटते. ज्या घरात पणजीचे माहेरचे नाव ठाऊक नाही, त्या घराला आपल्या वंशाची अर्धी बाजू ठाऊक नाही.

पुढील जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली असून तिचा संदर्भदिन, काही हिमाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ हा ठरला आहे. ही गणना कागदाऐवजी यंत्रावर होणार आहे आणि कुटुंबाला स्वतःची माहिती स्वतः भरण्याचीही सोय आहे. ती माहितीदेखील कायद्याने गुप्तच राहील. आपल्या नातवंडांना ती पाहावयास मिळणार नाही. तेव्हा घरची एक प्रत घरीच करावी. शंभर पानी वही पुरते. प्रत्येक माणसासाठी एक पान : पूर्ण नाव, जन्मगाव, त्या वेळचा तालुका आणि त्या वेळचा जिल्हा, मातृभाषा, दिल्लीस कोणत्या साली व कोणत्या नोकरीवर आला, पहिले बिऱ्हाड कोठे. विवाहित स्त्रीसाठी आणखी तीन ओळी : लग्नापूर्वीचे नाव, माहेरचे आडनाव, आईचे माहेर. समासात सांगणाऱ्याचे नाव आणि दिवस लिहावा, म्हणजे पुढे कोणाची आठवण कोठे चुकली ते कळते.

आरंभ घरातील सर्वांत वयोवृद्ध स्त्रीपासून करावा. तिला दोन गावे ठाऊक असतात, आणि बहुधा तिसरेही : तिच्या आईचे.